कार्ड तापतंय, पण उष्णता अडलीय कुठे?

ग्राफिक्स कार्डाच्या माहितीत 300 वॅट असं दिलेलं असतं, तेव्हा त्यातली एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गेम चालू असताना ते कार्ड जेवढी वीज घेतं, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पडद्यावरचा पाऊस, धावणाऱ्या गाड्या, भिंतीवरच्या सावल्या हे सगळं गणित आहे. पंपाने पाणी गच्चीवर चढवलं की विजेचा काही भाग त्या पाण्याच्या उंचीत साठून राहतो. चिपमध्ये असं काही साठत नाही. गणित संपलं की हातात उष्णताच उरते. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता देतो, म्हणजे 300 वॅटचं कार्ड चालू असताना खोलीत आणखी तीन माणसं येऊन बसल्यासारखं असतं. 2022 साली आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स 4090 चा आकडा 450 वॅट आहे आणि 2025 च्या 5090 चा 575.

एवढी उष्णता तयार होण्यात वाईट काहीच नाही. तिला बाहेर पडायला वाट मिळाली पाहिजे. चिपमधून थर्मल पेस्टमध्ये, पेस्टमधून तांब्यात, तांब्यातून ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये, पट्ट्यांवरून पंख्याच्या वाऱ्यात, मग कॅबिनेटबाहेर आणि शेवटी खोलीबाहेर, असा तिचा रस्ता असतो. कार्ड तापतं म्हणून लोक नवं कार्ड घेतात, रंगीत दिव्यांचे महाग पंखे बसवतात, नाहीतर गेम खालच्या दर्जाच्या चित्रांवर खेळत राहतात. हा रस्ता नेमका कुठे तुंबला आहे ते आधी शोधावं, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

गेल्या मे महिन्यात अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, कार्ड गेलं वाटते. दहा मिनिटं गेम चांगला चालते, मंग अडकते." आधी सेकंदाला 60 चित्रं यायची, ती आता 35 वर घसरत होती. नवं कार्ड घ्यायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं आणि वडिलांशी बोलायचं काम माझ्यावर टाकायचं होतं. मी त्याला एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला आणि गेम खेळताना तीन आकडे लिहून ठेवायला सांगितले: चिपचं तापमान, पंख्याचा वेग आणि चिपचा वेग. उत्तर आलं ते असं. तापमान 84 अंशांवर जाऊन खिळलेलं, पंखा पूर्ण वेगाने फिरतोय आणि चिपचा वेग 1900 मेगाहर्ट्‌झवरून 1600 वर आलेला.

हे बिघडलेल्या कार्डाचं लक्षण नाही, स्वतःला जपणाऱ्या कार्डाचं आहे. 2012 च्या जीटीएक्स 680 पासून एनव्हिडियाची कार्डं तापमान आणि वीज पाहून आपला वेग क्षणोक्षणी वर-खाली करतात. एएमडीच्या कार्डांमध्येही अशीच सोय असते. ठरलेल्या मर्यादेला तापमान टेकलं की चिप वेग आणि व्होल्टेज उतरवते. त्याने उष्णता कमी होते आणि तापमान तिथेच रोखलं जातं. आपल्याला मात्र दिसतो तो अडकणारा गेम.

भाच्याने डिसेंबरात मित्रांना पाठवलेला एक स्क्रीनशॉट शोधून काढला. तोच गेम, तेच कार्ड, कोपऱ्यात तापमान 68. तेव्हा खोली 22 अंशांवर होती आणि मे महिन्याच्या दुपारी, कूलर चालू असूनही, 38 वर. वजाबाकी केली तर दोन्ही वेळा उत्तर येतं 46. कार्ड आपल्या खोलीपेक्षा किती अंश वर जाणार हे वॅट आणि रस्त्याचा मोकळेपणा ठरवतो. खोली 16 अंशांनी तापली की चिपही तेवढीच वर सरकते. म्हणून पुण्या-नाशिकच्या थंडीत कुरकूर न करणारं कार्ड अकोला, चंद्रपूर, नागपूरच्या उन्हाळ्यात गुडघे टेकतं. परदेशी परीक्षणांतले तापमानाचे आकडे बहुधा विशीच्या आसपासच्या खोलीत मोजलेले असतात. आपण ते वाचताना मे महिन्यातल्या आपल्या खोलीचा फरक त्यात मिळवून वाचले पाहिजेत.

पण मला खटकला तो 46 हा आकडा. त्याचं कार्ड जुनं, 120 वॅटचं. एवढ्या कमी विजेत खोलीपेक्षा 46 अंश वर जायचं कारण नव्हतं. याचा अर्थ रस्ता डिसेंबरातही तुंबलेलाच होता, उन्हाळ्याने तो फक्त उघडा पाडला.

तुंबलं कुठे ते शोधायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कॅबिनेटची बाजूची झडप काढून गेम चालवून पाहणं. तापमान चांगलं आठ-दहा अंशांनी उतरलं तर कार्ड ठीक आहे, कॅबिनेटमधला वारा कोंडला आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष कार्डावरच्या पट्ट्या, पंखे किंवा पेस्टमध्ये आहे. पाच मिनिटांचं आणि फुकटचं काम, पण ते न करता लोक पेस्टच्या नळ्या मागवतात.

भाच्याच्या बाबतीत झडप काढायच्या आधीच एक गोष्ट करावी लागली. आपल्याकडच्या संगणकाच्या टेबलांना खाली उजवीकडे कॅबिनेटसाठी एक कप्पा असतो. दोन्ही बाजूंनी प्लायवुड, मागे भिंत, काहींना पुढून दारही. हे टेबल ज्या काळात आलं त्या काळात घरचा संगणक पत्रं टाइप करायचा आणि पत्ते खेळायचा. गेमिंगचं कार्ड त्या कप्प्यात ठेवणं म्हणजे त्याने मागे टाकलेली गरम हवाच त्याला पुढून परत पाजणं. कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलाशेजारी स्टुलावर ठेवलं, झडप उघडी ठेवली, आणि 84 चे 76 झाले. चिपचा वेगही पुन्हा पूर्ण मिळू लागला. शनिवारी मी स्वतः अकोल्याला गेलो, तेव्हा पुढचं काम हातात घेतलं.

कार्ड बाहेर काढलं तर पंख्यांमागे धुळीची गादी. पंख्याची पाती नुसती करडी दिसत होती, पण त्यांच्या मागे पट्ट्यांच्या तोंडाशी नमद्यासारखा थर बसला होता. पट्ट्यांमधली फट मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असते. ती बुजली की पंखा कितीही जोरात फिरो, आवाज होतो पण वारा आत शिरत नाही. त्यांच्या घरात ही खोली स्वयंपाकघराला लागून आहे. फोडणीची वाफ, उदबत्तीचा आणि डास पळवणाऱ्या कॉइलचा धूर यांचा चिकट थर पट्ट्यांवर बसतो आणि त्यावर धूळ घट्ट धरते. अशी धूळ फुंकून निघत नाही. आधी मऊ ब्रशने सैल करावी लागते, मग ब्लोअरने उडवावी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळं सोडलं तर वाऱ्याने ते भलत्याच वेगाने फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर यासाठी वापरू नये, त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर वीज साचू शकते. आणि हे सगळं संगणकाची वायर भिंतीतून काढून, गॅलरीत. साफसफाईनंतर, झडप परत लावूनही, तापमान 71 वर आलं.

पंख्याचं बेअरिंग वाळलं तर आधी घरघर ऐकू येते. साध्या बेअरिंगच्या पंख्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काही आठवडे दिलासा देतो, पण ती वेळ निभावून नेण्याची सोय झाली. पंखाच बदलायला हवा.

पेस्ट आम्ही त्या दिवशी बदलली नाही. ती केव्हा बदलायची याची एक खूण आहे. अलीकडची बरीच कार्डं चिपच्या सरासरी तापमानाबरोबर तिच्यातल्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमानही सांगतात, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. दोन्हींत दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचा. तो तीसच्या घरात गेला तर चिपच्या काही भागाला तांबं नीट टेकत नाहीये असं समजावं.

पेस्टबद्दल गैरसमज खूप आहेत. चिपचा आणि तांब्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तिथे खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांबं हवेपेक्षा साधारण पंधरा हजार पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. पेस्ट तांब्यासमोर अगदीच मंद, पण हवेपेक्षा किती तरी पटींनी चांगली. तिचं काम खळगे भरून हवा हाकलणं एवढंच. म्हणून तिचा थर पातळ हवा. मात्र ग्राफिक्स कार्डाची चिप उघडी असते, प्रोसेसरसारखं तिच्यावर धातूचं झाकण नसतं, त्यामुळे पेस्ट कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत पोचलीच पाहिजे. चिप तापते, निवते, पुन्हा तापते. त्या आकुंचन-प्रसरणात वर्षानुवर्षं पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मध्ये कोरडं पडतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, स्क्रू एकदम न आवळता आलटून-पालटून समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. मेमरीवर चिकटवलेल्या मऊ पॅडची जाडी मोजल्याशिवाय ती बदलू नयेत. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावलं तर सगळा धातूच उचलला जातो आणि चिपला टेकत नाही. कार्ड वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी अटी वाचाव्यात, स्क्रूवर सील असतं.

पेस्टच्या पुढचा टप्पा मला या सगळ्या रचनेत सर्वांत सुंदर वाटतो. पट्ट्यांमधून आरपार गेलेल्या तांब्याच्या चकचकीत नळ्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. बहुतेकांना त्या भरीव वाटतात, पण त्या पोकळ असतात. आतली हवा काढून त्यात किंचित पाणी घालून तोंड बंद केलेलं असतं. दाब इतका कमी, की शंभर अंशांच्या कितीतरी आधी ते पाणी चिपजवळच्या टोकाला उकळतं. वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे तिचं पाणी होतं आणि वाफ होताना घेतलेली उष्णता ती पट्ट्यांच्या हवाली करते. पाणी परत कसं येतं? नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचं सच्छिद्र अस्तर असतं. समईतली वात तेल वर ओढते तसं ते अस्तर पाण्याला चिपकडे ओढून आणतं. पंप नाही, हलणारा भाग नाही. अमेरिकेत लॉस अलामॉस इथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 साली अशी नळी बनवली, अंतराळयानांसाठी तिचा उपयोग झाला, आणि आज ती दहावीतल्या मुलाच्या टेबलावर असते.

त्या किंचित पाण्याचं महत्त्व डिसेंबर 2022 मध्ये साऱ्या जगाला कळलं. एएमडीच्या नव्या आरएक्स 7900 एक्सटीएक्स कार्डांपैकी काहींचा हॉटस्पॉट 110 अंशांवर जाऊन वेग घसरू लागला. या कार्डांत नळ्यांऐवजी व्हेपर चेंबर, म्हणजे त्याच तत्त्वावर चालणारी चपटी पोकळ पेटी होती. काही पेट्यांमध्ये पाणीच कमी भरलं गेलं होतं, हे पुढे कंपनीने मान्य केलं आणि ती कार्डं बदलून दिली. ज्यांनी हे कार्ड घेतलं त्यांपैकी कित्येकांनी आपल्याच कॅबिनेटला, आपल्याच पेस्टला दोष देऊन पाहिला असेल. रस्त्यातला एक टप्पा असा आहे, की तो घरी दुरुस्त होत नाही. पट्ट्या स्वच्छ, पेस्ट नवी, झडप उघडी, आणि तरी हॉटस्पॉट उंच राहिला तर कार्ड विक्रेत्याकडे न्यावं.

आतापर्यंत रस्त्याबद्दल बोललो. उष्णता मुळात कमी तयार व्हावी यासाठीही बरंच करता येतं, आणि त्यात काही खर्च नाही.

जुलै 2010 मध्ये स्टारक्राफ्ट 2 हा गेम आला तेव्हा काहींची कार्डं लढाईत नाही तर मेनूत तापू लागली. कारण सरळ होतं. मेनूच्या पडद्यावर काढण्यासारखं फार काही नव्हतं, आणि सेकंदाला किती चित्रं काढायची यावर मर्यादाही नव्हती. मग कार्ड सेकंदाला शेकडो वेळा तोच स्थिर पडदा काढत राहिलं. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी टाकून चित्रांची संख्या बांधून घ्यायचा उपाय सांगितला. आजही तो तितकाच लागू आहे. 60 हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला 60 चित्रंच दाखवतो. कार्ड 140 काढत असेल तर उरलेली 80 बव्हंशी वाया जातात, पण त्यांची उष्णता मात्र खरी असते.

दुसरा उपाय व्होल्टेज उतरवण्याचा. चिपची वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज दहा टक्के उतरवलं तर 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 0.81. वेग तोच, आणि वीज सुमारे एकोणीस टक्के कमी. कारखान्यातून निघणारी प्रत्येक चिप सारखी नसते, म्हणून कंपनी सगळ्यात कमकुवत चिपही नीट चालावी इतकं व्होल्टेज सगळ्यांनाच देते. तुमची चिप त्याहून चांगली असण्याची शक्यता बरीच आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हा फुकट प्रोग्राम त्यासाठी पुरतो. थोडं थोडं उतरवत जायचं, प्रत्येक वेळी तासभर गेम खेळून पाहायचा, गेम बंद पडला की एक पायरी वर यायचं. त्यातल्या व्होल्टेजच्या आलेखाशी खेळायला नको वाटत असेल तर त्याच प्रोग्राममध्ये विजेची मर्यादा 100 वरून 80 टक्क्यांवर आणावी. वेगात सहसा थोडेच टक्के घट होते आणि पंख्याचा आवाज लगेच उतरतो. भाच्याच्या कार्डावर आम्ही चित्रं 60 ला बांधली आणि व्होल्टेज जरासं खाली आणलं. तापमान 64.

मग किती तापमान चांगलं म्हणायचं? गेम चालू असताना 65 ते 80 या आकड्यांत काळजीचं काही नाही, आणि 75 पाहून झोप उडालेले लोक भेटतात तेव्हा मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं. जीटीएक्स 1060 ची कमाल मर्यादा कंपनीने 94 दिली आहे, आरटीएक्स 4090 ची 90. एएमडीने 2013 चं आर9 290एक्स तर 95 अंशांवर चालेल असंच आखलं होतं. काळजी करावी ती आकडा मर्यादेला खिळला तर, किंवा गेल्या वर्षीपेक्षा त्याच ऋतूत बराच वर गेला तर. खेळता खेळता संगणक एकदम बंद पडत असेल, तर कार्डाआधी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तपासावा. कार्ड तापलं तर ते आधी वेग उतरवतं, तडकाफडकी दिवे घालवणं हे बहुधा कमी पडणाऱ्या वीजपुरवठ्याचं काम असतं. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी दिसू लागल्या तर मेमरीवर संशय घ्यावा. जुनी कार्डं घेताना हे विशेष पाहावं, कारण सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं, कार्डांवर चालणारं खाणकाम थांबल्यावर रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं बाजारात आली, आणि त्यांची मेमरी फार तापलेली असते.

मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचा प्रकार मात्र कुणी करू नये. चिप आणि तिच्याखालची पाटी यांमधले सूक्ष्म सांधे तडकलेले असतात, उष्णतेने ते तात्पुरते टेकतात आणि काही दिवसांत पुन्हा सुटतात. ज्या ओव्हनमध्ये घरचा केक होतो त्यात प्लास्टिक आणि डाखाची वाफ सोडणं आणखी वाईट. 2008 साली एनव्हिडियाला लॅपटॉपच्या चिपांमधल्या अशाच कमकुवत साहित्यापायी 15 ते 20 कोटी डॉलरची तजवीज करावी लागली होती. ज्या दोषापुढे कारखाना हतबल होतो तो घरच्या ओव्हनमध्ये सुटत नाही.

रस्त्याचा शेवटचा टप्पा खोलीचा. कॅबिनेटला पुढून थंड हवा आत आणि मागून-वरून गरम हवा बाहेर एवढी शिस्त हवी, आत घेणाऱ्या पंख्यांना जाळी हवी, आणि मागे भिंतीपासून वीतभर जागा. विदर्भात कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडायचा मोह होतो. तो टाळावा. कूलर बारीक तुषार उडवतो, आणि त्या पाण्यातले क्षार सर्किटवर बसतात. कूलर माणसासाठी असू द्यावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे खोलीतली हवा बाहेर जाते. दार-खिडकी लावून खेळलं तर कार्ड तासाभरात खोलीच तापवतं, आणि खोली तापली की कार्डाचा आकडा तिच्याबरोबर वर चढतो.

भाच्याचं कॅबिनेट आता स्टुलावरच असतं. त्या रिकाम्या कप्प्यात त्याच्या आईने लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत. मे महिन्यात तो दुपारी अभ्यासाला बसायचा आणि रात्री दहानंतर, गच्चीकडची खिडकी उघडून, गेम लावायचा. तेव्हा खोली 33 वर आलेली असायची आणि कार्ड साठीच्या अलीकडे.